कातळावरची घळ

फाल्गुन संपत आला होता. दुपारची वेळ, उन्हे नुकती कलली होती. पठाराच्या तिन्ही उतारांवरचे गवत वाळून कोळ झाले होते आणि वारा खालून वर वाहत होता. वानरांची टोळी देवळामागच्या वडाखाली जेवून आडवी झालेली असताना दक्षिणेच्या उतारावर धूर दिसला. तो पहिल्यांदा कोणी पाहिला यावर पुढे बराच वाद झाला. पाहिल्याचे श्रेय घ्यायला पुष्कळ जण तयार होते. पाहून काय केले, हे सांगायला मात्र कोणी पुढे आले नाही.

त्या मुलखाची रचना साधी होती. तीन बाजूंना गवताचे उतार, चौथ्या बाजूला घळ. घळीच्या दोन्ही टोकांना सरळ तुटलेला कडा, त्यामुळे वळसा घालून पलीकडे जायची सोय नव्हती. पलीकडे उघडा खडक, एक झरा आणि करवंदीच्या चार जाळ्या. खायला तिथे फारसे काही नव्हते, पण जळायलाही काही नव्हते. केव्हातरी एका वणव्यात पूर्वजांना ही गोष्ट कळली आणि जे उरले त्यांनी एक रीत घालून दिली. सकाळी तोंडात काही घालण्याआधी प्रत्येकाने घळ उडून पलीकडे जायचे आणि उडून परत यायचे. पोटाशी पोर असेल तर पोरासकट. हिला उपाशी उडी म्हणत. ती कशासाठी मारायची हे सगळ्यांना ठाऊक होते. न कळण्यासारखे त्यात काही नव्हतेच, आणि हे पुढचे वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.

पुढे देवळाला बरे दिवस आले. भाविक वाढले. केळी, ओले खोबरे, पेढे, वेफर्सची पाकिटे. घंटा वाजली की टोळी हजर. पूर्वी जे दिवसभर फांद्या पालथ्या घालून मिळत नसे ते आता पायरीवर बसून मिळू लागले. अंगे भरली, चेहरे तुकतुकीत झाले, आणि वडाच्या खालच्या फांद्या हळूहळू आणखी खाली आल्या.

सावरी ही या टोळीतली एक तरुण वानरी. लहानपणी ती घळ अशी उडायची की आई मागून ओरडायची, "अगं सटवे, बघून तरी पाय टाक!" तिने उपाशी उडी केव्हा सोडली, हे तिला सांगता आले नसते, कारण तिच्या मते तिने ती सोडलीच नव्हती. ती फक्त आज गेली नव्हती. आधी ती पोटुशी होती. मग बोंड्या झाला, आणि इवल्याशा जिवाला घेऊन कोण उडते? मग पाऊस लागला, काठ निसरडा झाला. मग थंडीत धुके. मग बोंड्याचे दात. मग कमरेत उसण. यातले एकही कारण खोटे नव्हते. एखादे खोटे असते तर केव्हातरी उघडे पडले असते आणि ती मुकाट्याने घळीवर गेली असती. खऱ्या कारणांनी तिची फार काळजी घेतली.

टोळीत बहुतेकांचे असेच होते. अपवाद होता तो काटक्याचा. काटक्या हा सावरीचा मामा; सुतळीसारखा वळलेला, छातीची फासळी न् फासळी दिसायची. तो रोज घळ उडे. आणि उडून आला की प्रत्येक फांदीखाली थांबून तसे सांगे.

"काय भाचीबाई, अजून लोळणं चाललंय? मी जाऊन आलो."

"बरं झालं, मामा."

"वारा समोरून होता आज."

"हो का."

"पलीकडचं पाणी प्यालो. गार! तुमचं काय, पेढ्यांवर भागतंय. ती फांदी बघ, बिचारी जमिनीला टेकायला आली. तुझ्या बुडाला काही लाज?"

तो पुढच्या फांदीखाली सरकला की शेजारीण खिदळायची, "उडी मारायला माझी हरकत नाही गं सावरे. पण मारली की असं व्हायला होतं ना, म्हणून भीती वाटते." दोघी हसून हसून गडबडा लोळत. काटक्याला पाहून कितीतरी जणांनी घळीचे नाव टाकले. रोज उडणारा एकुलता एक वानर टोळीला न उडण्याचे सगळ्यात भक्कम कारण पुरवत होता.

टोळीचा नायक थोरले म्हणून ओळखला जाई. थोरले वर्षातून एकदा, पाडव्याच्या दिवशी, घळीच्या काठावर उभे राहून उपाशी उडीचे महत्त्व सांगत आणि नंतर स्वतः उडून दाखवत. त्या वर्षी भाषण नेहमीपेक्षा लांबले. उडी नेहमीपेक्षा आखूड झाली. थोरले निम्म्याच्याही अलीकडे खाली गेले आणि अलीकडच्या भिंतीवरच्या वेलींत अडकून लोंबकळत राहिले. त्यांना वर ओढायला आठ-दहा जण लागले, आणि सगळ्यांचे हसू दाबायला त्याहून जास्त.

त्याच दिवशी वडाखाली सभा भरली.

"प्रश्न माझा नाही," थोरले म्हणाले. त्यांच्या कानात अजून पाला होता. "मी लोंबकळलो ते एक उदाहरण म्हणून. उद्या एखादी लेकुरवाळी पडली, तर जबाबदार कोण?"

सगळ्यांनी सावरीकडे पाहिले. बोंड्या तिच्या छातीला चिकटून झोपला होता. सावरीने त्याला आणखी घट्ट धरले. आपल्यामुळे टोळीला एक गंभीर प्रश्न सुचला, याचे तिला थोडे बरेही वाटले.

तेव्हा शेपटे उठले. शेपटे हे टोळीतले मोजमापाचे जाणकार. सगळ्यात लांब शेपूट त्यांचे, म्हणून काहीही मोजायचे झाले की त्यांना बोलावणे जाई.

"मुळात घळीत अडचण कसली आहे, ते पाहू," शेपटे म्हणाले. "रुंदीची कोणाची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती खोलीची. मग आपण रुंदी तेवढीच ठेवू आणि खोली काढून टाकू."

मग वडाची पाने झडतील असा हुप्पकार झाला.

देवळामागे सपाट कातळ होता. तिथे लाल मातीच्या दोन रेघा ओढायच्या, एक अलीकडचा काठ आणि एक पलीकडचा. दोन्हींच्या मधे बरोबर घळीएवढे अंतर. उडी तीच, मेहनत तीच, फक्त मरण वजा. माप घेण्यासाठी काटक्याने वेलीचे एक टोक दातांत धरून घळ उडून दाखवली, आणि परत आल्यावर संध्याकाळपर्यंत तेच सांगत राहिला. ती वेल कातळावर पसरून रेघा ओढल्या गेल्या. पहिले माप अचूक होते, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. वेल नंतर कोणीतरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी कातळावर झुंबड उडाली. कित्येक महिने ज्यांनी जागचा पाय हलवला नव्हता तेही आले. बहुतेक सगळे दुसऱ्या रेघेच्या बरेच अलीकडे पडले, पण कातळावर पडल्याने कोणाचे काय बिघडते? अंग झटकायचे, हसायचे, रांगेत परत उभे राहायचे. सावरीही आली. बोंड्याला पोटाशी धरून उडाली आणि चांगली वीतभर कमी पडली. पण ती उडाली होती. शेजारणीने तिची पाठ थोपटली. रोज कातळावर येणाऱ्याच्या पायात गवताचे कडे बांधायचे, असे थोरल्यांनी जाहीर केले होते. सावरीला कडे मिळाले. ते तिला शोभूनही दिसे.

पहिल्या पावसात रेघा धुऊन गेल्या. शेपट्यांनी त्या पुन्हा ओढल्या. वेल नव्हती, पण शेपट्यांना अंदाज होता. रेघा ओढत असताना सावरी जवळ गेली.

"शेपटेकाका, एक विचारू?"

"विचार की."

"माझ्या पोटाशी पोर आहे. मोकळ्या अंगाने उडणाऱ्याला आणि मला एकच रेघ, हे काही बरोबर वाटत नाही. जरा अलीकडे घेता का?"

"किती?"

"वीतभर."

"एवढंच ना?" शेपटे मायाळू होते. "वीतभराने काय होतंय, पोरी."

वीतभराने काहीच झाले नाही. सावरी दुसऱ्या रेघेच्या पार गेली आणि टाळ्या पडल्या. मग एका म्हाताऱ्याने गुडघ्यांचे कारण सांगितले. ते खरे होते. मग एका आजाऱ्याने. मग तरुण म्हणाले, सगळ्यांना सवलत आणि आम्हालाच नाही, हा कुठला न्याय? रेघ पुसट झाली की जो पुन्हा ओढे तो जुन्या खुणेच्या जरा आत ओढे, कारण बाहेर ओढली तर आपणच कमी पडू, ही धास्ती. कोणी खोटे बोलले नाही. कोणी कट केला नाही. शेपट्यांना विचारावे तर ते म्हणत, "रेघा दोनच आहेत ना? मग झालं."

उपाशीपोटी उडायचे, तेही राहिले. घंटा सकाळीच वाजे. प्रसाद संपून गेल्यावर येऊन काय करायचे? म्हणून आधी खाऊन घ्यायचे आणि जड वाटेनासे झाले की कातळावर यायचे. नाव मात्र उपाशी उडीच राहिले. पुढे उडी सप्ताह सुरू झाला. त्यात थोरल्यांचे भाषण असे, कडे बदलण्याचा समारंभ असे, आणि ज्यांना प्रत्यक्ष उडणे जमत नसे त्यांना उडणाऱ्यांकडे बघत बसण्याबद्दल वेगळे कडे असे.

काटक्या सुरुवातीला कातळाकडे फिरकला नाही. तो घळ उडून येई आणि दुरून ओरडे, "ओ रेघावाल्यांनो! पाऊल जपून टाका, मातीत पाय भरतील!" पण आता सकाळी त्याचे ऐकायला फांद्यांवर कोणी नसे. सगळे कातळावर. घळीवर त्याला पाहायला फक्त घारी होत्या, आणि घारी वाहवा करत नाहीत. एक दिवस तो सहज म्हणून कातळावर आला, उगाच म्हणून उडाला आणि दुसऱ्या रेघेच्या पार, प्रेक्षकांत जाऊन पडला. असा काही जल्लोष झाला की काटक्याचे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. थोरल्यांनी त्याला परीक्षक केले. मग त्याला घळीवर जायला सवड होईना.

"मामा, आज वारा समोरून होता का हो?" सावरीने एकदा विचारले.

"गप गं. सोहळा आहे पुढच्या आठवड्यात, मरायला फुरसत नाही इथे," काटक्या म्हणाला. त्याच्या फासळ्या आता दिसत नव्हत्या.

अशा रीतीने घळ उडणारे त्या मुलखात कोणी उरले नाही. ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही, कारण उडणाऱ्यांची गर्दी पूर्वी कधी नव्हती एवढी होती.

सावरीबद्दल एवढे सांगितले पाहिजे की तिला खरोखर बरे वाटत असे. रोज सकाळी अंग हलायचे, चार जणींशी बोलणे व्हायचे, बोंड्या पोटाशी खिदळायचा. तो आता मोठा होत होता; दूध सुटत आले होते, कोवळा पाला स्वतःहून चघळायचा, पण लांब कुठे जायचे म्हटले की अजून आईच्या पोटालाच. त्याला घेऊन ती रेघेच्या पार जाई तेव्हा तिला वाटे, वणवा आलाच तर आपली चिंता नाही. हे तिला कातळावर जितके पटे तितकेच झोपतानाही पटे.

मग फाल्गुनातली ती दुपार आली.

धूर दिसला, आणि पाठोपाठ आवाज आला. वाळले गवत पेटताना जो तडतडाट होतो तो तिन्ही उतारांवरून एकदम. टोळी उठून घळीकडे धावली. सावरीने बोंड्याला छातीशी घेतले आणि तीही धावली. तिला भीती वाटली नाही, असे म्हणता येईल. आपण तयारी केली आहे, एवढेच तिच्या मनात होते.

काठावर येऊन सगळे थबकले.

"ही आपली घळ नव्हे," कोणीतरी म्हणाले.

"रुंदावलीय! अरे, रुंदावलीय ही!"

"शक्य नाही," शेपटे म्हणाले. "मी स्वतः मोजलीय."

"मग उडा की तुम्ही आधी!"

"उडायला माझी ना नाही. पण इथे रेघ कुठे आहे? पाय कुठून उचलायचा?"

"काका, काठ दिसत नाही का तुम्हाला? हा काय समोर!"

धूर काठापर्यंत आला. थोरल्यांनी घळीकडे पाहिले, धुराकडे पाहिले. "मी आत जाऊन परिस्थितीचा आढावा घेतो," असे म्हणून ते देवळाच्या दगडी गाभाऱ्याकडे निघाले. शेपटे त्यांच्या मागोमाग. ज्यांच्या ध्यानात आले ते त्यांच्या मागोमाग. गाभारा लहान होता. आधी पोचलेले आत मावले आणि त्यांनी दार लोटून घेतले.

उरलेले काटक्याकडे बघू लागले. काटक्या मागे सरकला, छाती पुढे काढली, शेपूट उंच केले आणि धावत सुटला. उडी सुंदर होती. घळीच्या निम्म्यापर्यंत ती फारच सुंदर होती.

खालून आवाज आला तेव्हा सावरीच्या शेजारणीने तोंड फिरवले. काही जण वेलींना धरून खाली लोंबकळू लागले. काही जण उडाले, आणि त्यांच्याबद्दल वेगळे सांगायला नको. सावरीच्या पाठीवरचे केस होरपळू लागले. बोंड्याने तिच्या कातडीत नखे रुतवली. मागे सरकायला आता जागाही फारशी नव्हती. ती तेवढी सरकली, धावली आणि काठ सोडला.

हवेत असतानाच तिला कळले. पायांना ठाऊक होते तेवढे अंतर संपले आणि समोर अजून घळ होती. वीतभर. फार तर दोन वीत.

तिचे हात पलीकडच्या काठावर आदळले. त्या हिसक्याने बोंड्या सुटला, तिच्या खांद्यावरून पुढे फेकला गेला आणि खडकावर गडगडत गेला. सावरीची बोटे काठावर होती. बोंड्या उठून बसला आणि तिच्याकडे बघू लागला. तिला फक्त स्वतःला वर ओढायचे होते. पूर्वी ती पायांनी फांदी धरल्याशिवाय, नुसत्या हातांवर, वाटेल तितका वेळ झोके घेत असे. आता त्या हातांवर कित्येक महिन्यांचे पेढे लटकत होते. बोटे एकेक करून सुटली.

खाली घळ अरुंद होत जाते. तिथे अडकलेल्या एका धोंड्यावर ती पडली, म्हणून वाचली. एक पाय मुरगळला होता. पलीकडची भिंत तासून काढल्यासारखी होती, तिच्यावर नख टिकत नव्हते. अलीकडच्या भिंतीवर ओल्या वेली होत्या. वर आग गरजत होती आणि पलीकडच्या काठावरून बोंड्या ओरडत होता. संध्याकाळी आग विझली. सावरी वेली धरून वर चढली ती अलीकडच्याच काठावर.

चौकशी झाली. ती शेपट्यांकडे देण्यात आली, कारण मोजमापाचे जाणकार तेच. ते घळीवर गेले नाहीत. तिथे जाणे तूर्त धोक्याचे होते. त्यांनी कातळावर जाऊन रेघा तपासल्या. रेघा सुस्थितीत आढळल्या. वडाचा सांगाडा उरला होता, त्याच्याखाली बसून निष्कर्ष सांगण्यात आला: घळ रुंदावली असून तिने तशी पूर्वसूचना दिली नाही.

"मुक्या घळीकडून दुसरी अपेक्षा काय करायची?" थोरले म्हणाले आणि त्यांनी दुःख व्यक्त केले. काटक्याच्या नावाने यापुढे एक कडे देण्यात येईल, असेही सांगितले.

सावरी लंगडत पुढे आली. "माझं पोर पलीकडे आहे."

"त्याचाही उल्लेख केलाय, बाई."

"उल्लेख नकोय. त्याला आणायला कोण जाणार?"

थोरल्यांनी सगळ्यांकडे पाहिले. सगळ्यांनी एकमेकांच्या पायांतल्या कड्यांकडे पाहिले.

"तू आई आहेस," थोरले हळुवारपणे म्हणाले. "तुझ्याइतकं कोणाचं काळीज तुटणार? तूच जा. आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत."

ते पाठीशी राहिले, हे कबूल केले पाहिजे. सावरी दुसऱ्या दिवशी उजाडताच घळीवर गेली. पलीकडे बोंड्या काठावर येऊन बसला होता. झऱ्याचे पाणी होते, करवंदीचा पाला होता. तो जगत होता. तिला पाहताच तो ओरडू लागला. ती मागे सरकली, धावत काठापर्यंत आली आणि थांबली. पुन्हा मागे सरकली, पुन्हा धावली, पुन्हा थांबली. पाय अजून साथ देत नव्हता. मग ती जळक्या झाडांच्या खोडांवरून खोडांवर उड्या मारत राहिली, दम तुटेपर्यंत. तिसऱ्या-चौथ्या सकाळी तिला वाटले, अंतर थोडे कमी दिसते आहे. घळ तेवढीच होती. तिची मांडी जागी होत होती.

रोज पहाटे बोंड्या काठावर येई. ती मागे सरकून धावून दाखवी आणि तो टक लावून बघे. ती कशी मागे जाते, कुठे पाय दाबते, सगळे.

शेजारीण केळे घेऊन आली. "खा गं. अंगात ताकद नको?" खरेच होते ते, सावरीने खाल्ले. म्हातारा म्हणाला, "मुरगळलेल्या पायाला विसावा द्यावा लागतो, पोरी. नाहीतर कायमचा जाईल." तेही खरेच होते, तिने एक सकाळ विसावा दिला. पाय बराच हलका वाटला. त्यानंतरच्या सकाळी ती दुपटीने उडाली, आणि त्यानंतरच्या सकाळी अंग इतके ठणकत होते की उठवेना. शेपट्यांनी येऊन सांगितले, "एवढी घाई कशाला? पोर खातंय, पितंय. पाऊस लागला की पलीकडे कोवळा पाला फुटेल. तू नीट तयारीनिशी जा." यातही चुकीचे काही नव्हते. सावरी म्हणाली, उद्यापासून एकही सकाळ चुकवायची नाही. ती मनापासून बोलत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

पुढे एका सकाळी थोरल्यांनी कातळावर तिचा सत्कार ठेवला. टोळीतल्या प्रत्येक आईने जिच्याकडे पाहावे अशी आई, असे ते म्हणाले. नव्या रेघा ओढल्या होत्या, ताज्या लाल. सावरीला नको होते. ती म्हणाली, मला घळीवर जायचे आहे. "अगं, दोन घटकांचं काम," शेजारीण म्हणाली. "सगळे तुझ्यासाठी जमलेत. बरं दिसतं का ते?" बरे दिसले नसते. सावरी पहिल्या रांगेत बसली. भाषण लांबले. तिच्या दुखऱ्या पायात कडे बांधायला दोघी खाली वाकल्या आणि तिने पाय पुढे केला.

त्या वेळी पलीकडे बोंड्या नेहमीप्रमाणे काठावर आला. त्याने हाक दिली. पुन्हा दिली. समोरच्या काठावर जळक्या खोडांशिवाय काही नव्हते. तो थोडा वेळ बसून राहिला, मग उठला आणि मागे सरकला. एक पाऊल, आणखी एक पाऊल, पार करवंदीच्या जाळीपर्यंत. तिथे त्याने मागचे पाय खडकावर दाबले.

तो धावत सुटला तेव्हा अलीकडच्या काठावर कोणीही नव्हते.